कच्चा रांजण

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की ज्याच्या घरी पितळी घागर असे, त्याचं घर लोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला नेत. तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक कुंभारआळी होती आणि साऱ्या आळीला मिळून भट्टी एकच होती. कुंभार तिला आवा म्हणतात. सरपण मिळायची मारामार, म्हणून आवा सगळ्यांचा आणि पाळी प्रत्येक घराची वेगळी. ज्याची पाळी असेल, त्याची मडकी भाजून निघायची. बाकीच्यांनी आपली कच्ची मडकी सावलीत मांडायची आणि वाट बघायची. कुंभाराचं पोट त्या पाळीवर चालायचं.

या आळीत सटवाजी नावाचा कुंभार राहायचा. गड्याचा हात मोठा गुणी. चाकावर गोळा ठेवला की रांजण आपसूक उठून उभा राहावा. पण त्याचं लक्ष चाकावर कमी आणि समोरच्या लिंबाजीच्या अंगणात जास्त.

हा लिंबाजीही कुंभारच. त्याचा हात काही फार मोठा नव्हता. पण त्याला एक खूळ होतं. आपली पाळी झाली, मडकी विकली, की घरखर्च भागवून तो बाजारातून पितळेची एक कडी आणायचा. एकच. ती ओसरीच्या तुळईला टांगलेल्या कडीत अडकवायचा. अशी ती साखळी वर्षानुवर्षं तुळईला नुसतीच लोंबत होती. सटवाजीला त्यात भारी मौज वाटायची. येता-जाता विचारायचा, "काय लिंबाजी, तुझी साखळी जमिनीला टेकणार कधी, नातवंडांच्या लग्नात?" लिंबाजी हसून सोडून द्यायचा.

एकीच्या जोडीला दुसरी, असं करत एके दिवशी झोपाळ्यापुरत्या साखळ्या पुऱ्या झाल्या. लिंबाजीनं फळी अडकवली. ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा कुरकुरायला लागला. त्या दिवसापासून सटवाजीचं हसणं बंद झालं ते झालंच.

लिंबाजीनं हाक मारली, "सटवा, ये की रे, बस घटकाभर." सटवाजी कामाचं निमित्त करून घरात शिरला. जेवायला बसला आणि त्यानं ताट बाजूला सारलं. बायकोनं, भागानं, विचारलं तर तिच्यावरच डाफरला. म्हणाला, आळीत सगळ्यात चांगला हात कुणाचा? माझा. मग झोपाळा कुणाच्या दारात पाहिजे? भागानं एवढंच सांगितलं, की त्यानं कड्या जमवल्या, आपण नाही जमवल्या. हे ऐकून तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

नेमका त्याच आठवड्यात गावोगाव बैलगाडी घेऊन फिरणारा एक व्यापारी आळीत आला. अशा माणसांना कुणाच्या पोटात कुठं दुखतंय ते बरोबर कळतं. त्याच्या गाडीत झोपाळा होता, आणि तोही लिंबाजीच्यापेक्षा जाड साखळ्यांचा. सटवाजी तिथेच घुटमळला. पण पैसे कुठले?

"पैसे मागितलेत कोणी?" व्यापारी म्हणाला. "तुमच्या आव्याच्या पुढच्या चार पाळ्या माझ्या नावावर करा. झोपाळा आजच न्या. एवढ्या मोठ्या कारागिरानं काय जमिनीवर बसायचं?"

शेवटचं वाक्य सटवाजीच्या काळजाला भिडलं. झोपाळा घरी आला. त्यानं तो असा टांगला, की लिंबाजीच्या ओसरीवरून साफ दिसावा. मग हा गडी त्यावर बसायचा आणि मोठमोठे झोके घेत समोर बघायचा, लिंबाजी बघतोय की नाही. लिंबाजी बापडा आपली माती मळत असायचा. तो बघत नाही म्हणून सटवाजी आणखीच जळायचा.

पुढे लिंबाजीच्या बायकोनं पितळी घागर आणली. सटवाजीनं दोन घागरी आणल्या, आणखी पाळ्या देऊन. लिंबाजीनं लेकाला चांदीचं कडं केलं. सटवाजीनं स्वतःला केलं. त्याला प्रत्येक वेळी वाटायचं, यात काय बिघडलं, हे तर माझ्या हक्काचंच आहे, फक्त जरा आधी घेतोय.

इकडे घरात कच्च्या मडक्यांच्या उतरंडी लागल्या. भाजायला पाळी नाही, आणि कच्चं मडकं कोण घेणार? तोच व्यापारी घ्यायचा, अर्ध्याहून कमी भावात. मग तीच मडकी तो सटवाजीच्याच पाळीत भाजायचा आणि बाजारात पुऱ्या भावानं विकायचा. भागाच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. सटवाजीच्याही लक्षात आलं होतं. पण त्यानं झोपाळ्याची फळी पुसली आणि विषय बदलला.

अशात लेकीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. दोन गावं पलीकडच्या कुंभाराचंच घर मिळालं, माणसं चांगली. आता त्या कुंभारांत एक रीत होती. मांडवात व्याहीण आली, की तिनं पहिलं पाणी प्यायचं ते नवरीच्या बापानं घडवलेल्या आणि भाजलेल्या रांजणातलं. बापानं लेकीसाठी एवढंच करायचं, पण ते स्वतःच्या हातानं करायचं. तुळसा लहानपणापासून म्हणायची, माझ्या लग्नात माझ्या आबांचा रांजण बघायला गाव लोटेल.

सटवाजीनं रांजण घडवला. असा सुरेख, की भागाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण भाजायचा कुठं? या वर्षीच्या पाळ्या गेल्या होत्या आणि पुढच्या वर्षीच्याही गेल्या होत्या. तो व्यापाऱ्याकडे गेला, म्हणाला, तुमच्या भाजणीत माझा एक रांजण ठेवू द्या.

"ठेवू की," व्यापारी म्हणाला. "पण बदल्यात द्यायला तुमच्याकडे आता उरलंय काय?"

सटवाजी मान खाली घालून परतला. ही गोष्ट लिंबाजीच्या कानावर गेली. तो स्वतः उठून आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "सटवा, परवा माझी पाळी आहे. रांजणापुरती जागा करतो. तुळसा मला काय परकी आहे?"

बोट धरून वर यायची हीच वेळ होती. पण सटवाजीनं लिंबाजीकडे पाहिलं आणि त्याला दिसली ती एकेक करून जोडलेली पितळी साखळी. लेकीच्या लग्नात याच्या पाळीतला रांजण मांडायचा, आणि यानं जन्मभर सांगत सुटायचं? तो म्हणाला, "मला कुणाचे उपकार नकोत." व्यापाऱ्याचे एवढे घेतले होते, पण ते त्याला उपकार वाटले नव्हते. लिंबाजी आपल्या घरी निघून गेला.

मग सटवाजीनं रांजण कडक उन्हात वाळवला. वरून गेरू चढवला, तेलाचा हात दिला आणि गुळगुळीत दगडानं घासघासून असा चमकवला, की भाजलेल्याहून भाजलेला दिसावा. भागाला सांगितलं, पलीकडच्या गावातून भाजून आणला. मनाशी म्हणाला, घोटभर पाण्याचा तर प्रश्न आहे, तेवढा वेळ टिकेल.

लग्नाच्या दिवशी व्याहीण वेशीवर आल्याची वर्दी मिळाली आणि मगच त्यानं रांजण भरू दिला. पण मांडवाच्या दारात ओवाळणं निघालं, पाय धुणं निघालं, मानपान निघाले. सटवाजीचा जीव खालीवर होत होता. शेवटी व्याहीण आत आली. तिनं रांजणाचं रूप पाहिलं, कौतुकानं मान डोलावली आणि ओंजळ पुढे केली. तुळसानं पाणी काढायला तांब्या बुडवला मात्र, रांजणाचं बूड बसलं. अख्खा रांजण जागच्या जागी विरघळून खाली आला. व्याहीणबाईंच्या नव्या लुगड्यावर आणि तुळसाच्या हळदीच्या पायांवर चिखल झाला.

व्याहीण कुंभाराघरचीच. तिनं वाकून चिमूटभर चिखल उचलला, बोटांत चोळून पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "व्याहीबुवा, माती चांगली मळलीय. नुसती भाजायची राहिली."

एवढ्यात लिंबाजीची बायको आपल्या घरची मातीची घागर कमरेवर घेऊन आली. साधी, एका अंगाला धुरकटलेली घागर. व्याहीण त्यातलं पाणी प्याली. लग्न लागलं, मोडलं नाही. पण सटवाजीच्या लेकीच्या लग्नातलं पहिलं पाणी लिंबाजीच्या घागरीतलं ठरलं ते कायमचं. तुळसा निघताना रडली, पण बापाकडे बघितलं नाही.

वऱ्हाड गेल्यावर सटवाजीनं झोपाळा उतरवला. घागरी काढल्या, हातातलं कडं काढलं. सगळं मागून आणलेल्या बैलगाडीत टाकून व्यापाऱ्याच्या दारात नेलं. व्यापाऱ्यानं वापरलेल्या वस्तूंची किंमत निम्मीच धरली, म्हणून पाळ्याही निम्म्याच परत मिळाल्या, त्याही शेवटच्या. उरलेल्या पाळ्या फिटेपर्यंत सटवाजीनं लिंबाजीच्या घरी मजुरीनं माती मळली. आधी दोन दिवस वर मान केली नाही. तिसऱ्या दिवशी लिंबाजी झोपाळ्यावर सरकला आणि त्यानं शेजारची जागा हातानं झटकली. सटवाजी बसला. झोपाळा हळू हालत होता. सटवाजी साखळीच्या कड्यांवरून हात फिरवत म्हणाला, "मी हसायचो रे याला." लिंबाजी म्हणाला, "मला ऐकू यायचं." आणि त्यानं पायानं झोपाळ्याला हलकासा झोका दिला.

स्वतःची पहिली पाळी आली, तेव्हा सटवाजीनं तिच्यात रांजण भाजला आणि डोक्यावर घेऊन लेकीच्या गावी चालत गेला. व्याहीणबाईंनी रांजणावर बोटाची टिचकी मारली आणि कान लावला. खणखणीत आवाज आला. त्यांनी तुळसाला हाक मारून पाणी भरायला सांगितलं. तुळसानं रांजण काठोकाठ भरला, पहिला तांब्या काढला आणि बापाच्या हातात दिला.

तात्पर्य काय, तर शेजाऱ्याच्या ओसरीकडे बघून ज्यानं उद्याची भाजणी आज विकून टाकली, त्याच्या घरी सगळं येतं आणि ऐन वेळेला काहीच टिकत नाही. आपली कडी एकेक करूनच जोडावी.