बेशरमीच्या आधी

"मग परत येते कशी, माय?"

सुबोध मारबते तळ्याच्या पाळीवर उभा होता. पाय चिखलाने बरबटलेले, आवाजात राग.

वस्तीतली म्हातारी बुधामाय फाटकं जाळं शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

पाण्याच्या रंगावरून मासा ओळखायला तिनेच त्याला शिकवलं होतं. पुढे तो शहरात गेला, वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन आला, आणि माय सांगते ते जुनं झालं, असं त्याला वाटू लागलं. आज तीन वर्षांनी तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला होता.

तळ्यात बेशरम माजली होती. नाव ठेवणाऱ्याने नेमकं ठेवलं आहे. फांदी मोडून फेकली, तर पडेल तिथे मूळ धरते. गुरं खात नाहीत, म्हणून कुंपणाला लावा, असं सांगत कुणी साहेब ती वाटून गेले. ज्यांनी काढली त्यांचे सत्कार झाले, फोटो छापून आले. ज्यांनी वाटली त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

सुबोधने ती तीनदा काढवली. पहिल्या साली माणसं लावून, मग दोनदा यंत्र लावून. खोडं वाळवली, जाळली. एक कांडी पाण्यात राहू दिली नाही. पुस्तकात होतं तसं सगळं केलं, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

आणि काठाला कोवळे जांभळट कोंब पुन्हा उभे होते.

मासा मात्र आला नव्हता. यंदाही आला नाही, तर मासेमार ढिवरांची संस्था तळं सोडणार होती आणि ठेकेदार घेणार होता. मग चाळीस घरांनी आपल्याच तळ्यावर मजुरीला जायचं.

माय उठली. त्याचा हात धरून तिने त्याला पाण्यात नेलं. गुडघाभर पाणी, गढूळ.

"हात घाल खाली. काय लागते?"

त्याने वाकून चाचपलं.

"चिखल."

"अजून?"

"काही नाही, माय. स्वच्छ आहे."

"बेशरमीच्या आधी काय होतं गा इथं?"

बेशरमीचं शास्त्रीय नाव त्याला पाठ होतं. ती कुठल्या देशातून आली, तेही.

"पाणीच असेल," तो म्हणाला.

"पानी तर डबक्यातबी रायते."

माय पाण्यातल्या गवतांची नावं घेत एकेक बोट मिटू लागली. देवधान. त्याचे दाणे टिपायला पाखरं यायची. चिला. मरळीची पिल्लं त्यात लपायची. पोवन...

चौथं बोट तसंच उभं राहिलं. माय त्या बोटाकडे बघत राहिली. ओठ हलले, नाव आलं नाही.

मग तिने हात खाली घेतला.

सुबोधला राहवलं नाही. एवढं सगळं या एका झाडाने गिळलं, आणि आपण त्याला नुसतं उपटत बसलो, असं तो चिडून बोलत सुटला. या बेशरमीला विष घालायला हवं, मुळापासून नाव मिटवायला हवं, वगैरे वगैरे.

मायने त्याला बोलू दिलं.

"बेशरम मागून आली, बाबू."

"मागून?"

"तवा तळं रिकामं होतं."

"मग ते देवधान, तो चिला... कुठं गेलं सगळं?"

काठावरून एक बगळा उडाला.

मायने वाकून आपले दोन्ही हात पाण्यात बुडवले, वर काढले आणि त्याच्यापुढे धरले. सुरकुतलेले, रिकामे.

"साहेब म्हणले, गवत जाळ्यात गुतते, मोठा मासा निसटते. हा कचरा काढा..."

सुबोध त्या हातांकडे बघत राहिला.

"आमीबी तळं साफच केलतं, बाबू."