भिंतीला झालेली सर्दी

राजेसाहेबांच्या बासुंदीत पुन्हा पोपडा पडला!

वेळूगडच्या दिवाणखान्यात सगळी पंगत थिजली. मानाजीराजांनी वाटीतून पापडाएवढा रंगाचा पोपडा उचलला आणि ते गरजले, "बोलवा त्या लखूबाला!"

लखूबा सफेदीवाला धावतच आला. मागोमाग त्याची लेक सगुणा आली, हातात चुन्याने माखलेला कुंचा तसाच.

"चार महिन्यांत तीनदा रंग दिलास, तीनदा पडला! आता चौथ्यांदा दे. पौर्णिमेच्या पंगतीत एक जरी पोपडा पडला, तर घरदार उचलून वेशीबाहेर!"

लखूबाने हात जोडले. "सरकार, आधी जुने थर खरवडू द्या..."

"खरवडू?" म्हातारे कारभारी विसाजीपंत किंचाळले. "तिथे राजेसाहेबांच्या आजोबांचा रंग आहे, पणजोबांचा आहे, खापरपणजोबांचा आहे! पूर्वजांना खरवडणार तू?"

"बरोबर!" राजे म्हणाले. "छताला-भिंतीला खरवडायची पट्टी लागायची नाही. माणसाचं नखही लागायचं नाही!"

"चुन्यात डिंक वाढव रे," पंतांनी सल्ला दिला. "आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळचाच तर पडतोय, पंत!" सगुणा म्हणाली.

पंगतीत कुणाला तरी ठसका लागला. बापाने तिचा हात दाबला. तिने तो झटकन सोडवून घेतला. "महाराज, पट्टी लावणार नाही, नखही लावणार नाही. पण मागेन ते मिळालं पाहिजे."

"मिळेल!"

वाटेत लखूबा रडकुंडीला आला. "अगं, मोठ्यांपुढे हात जोडावेत, तोंड उघडू नये!"

"आबा, जोडलेल्या हातांनी कुंचा कसा धरायचा?"

दुसऱ्या दिवशी तिने दिवाणखाना रिकामा केला, जमिनीवर जुनी जाजमं कोपऱ्याला कोपरा भिडवून अंथरली, खिडक्या घट्ट लावल्या आणि मुदपाकखान्यातून उकळत्या पाण्याचे बारा हंडे मागवले.

विसाजीपंत दारातून डोकावले. "हे काय चाललंय?"

"भिंतीला सर्दी झालीय. वाफारा देतेय."

"वाफाऱ्याने काय होणार?"

"तुम्हाला काय होतं?"

"मला? शिंका येतात."

"मग झालं तर!"

दोन दिवस हंड्यांमागून हंडे आले. भिंतींना घाम फुटला, जुने थर फुगले. तिसऱ्या दिवशी सगुणाने नगारखान्यातले सगळे नगारे आत आणवले. राजे स्वतः पंतांना घेऊन बघायला आले.

"वाजवा!"

पहिल्या टिपरीला छत कुरकुरलं. दुसरीला भेग धावली. आणि मग धडाधडा, धडाधडा! भिंत शिंकली, छत शिंकलं, विसाजीपंतांच्या पगडीवर अख्खे पणजोबा उतरले!

धुरळा बसला. भिंती उघड्याबोडक्या. राजे लालबुंद झाले. "पोरी! पूर्वज पाडलेस?"

"मी? माझं बोट तरी लागलं का, महाराज? आजोबा पणजोबांना धरून होते, पणजोबा खापरपणजोबांना. भिंतीला कुणीच धरलं नव्हतं! नगारा ऐकून आपण होऊन खाली आले. पौर्णिमेला सगळे परत करते."

तिने खिडक्या सताड उघडून भिंती खडखडीत वाळवल्या, भेगा बुजवल्या आणि आधी छत, मग भिंती अशा क्रमाने चुन्याचे तीन पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत लखूबालाही शिवू दिलं नाही.

पौर्णिमेला पंगत बसली. बासुंदी वाढली गेली. राजांनी मुद्दाम नगारे वाजवायला लावले! पंतांनी दोन्ही हातांनी वाटी झाकली. लखूबाने डोळेच मिटले.

काही पडलं नाही. एक कणही नाही!

"रंग टिकला," राजे म्हणाले. "पण आमचे पूर्वज कुठे आहेत?"

सगुणाने पंगतीच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे मानाच्या पाटांवर पोपड्यांनी भरलेली सहा पोती ओळीने बसली होती. तोंडं शिवलेली, पुढे रांगोळी काढलेली.

"सगळे सुखरूप आहेत, महाराज! फक्त वाढप्याला सांगा, त्यांना बासुंदी नको. तीनदा उतरून चाखलीय त्यांनी!"

राजे असे खदखदून हसले की त्यांची वाटी कलंडली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं, राजवाड्याचं रंगकाम लखूबाला कायमचं दिलं आणि सहा पोती दिली विसाजीपंतांना, माळ्यावर वाहून न्यायला!