माडाच्या शेंड्यावरचं पाणी

"पाण्याचा धर्म कोणता, बुवा?"

प्रश्न मोरेश्वरानं विचारला खरा, पण उत्तर त्याच्याकडे तयार होतं. त्याचे बहुतेक प्रश्न असेच असत.

भार्गवबुवा मठामागच्या माडांना पाट काढून देत होते. फावडं थांबवून म्हणाले, "तूच सांग."

मोरेश्वर पाटाच्या काठावर ऐसपैस बसला.

"खाली वाहणं. पाणी कधी उंची शोधत नाही. मीही तसाच. मला वर कुठे पाठवू नका. आपल्या पायांशी राहू द्या."

बोलणं नम्र होतं... ऐकणाऱ्यानं हात जोडावेत इतकं.

गोष्ट साधी होती. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यातून ठकूबाई पहाटेच उतरून आली होती आणि मठाच्या ओटीवर वाट बघत बसली होती. वाड्यावर औषध देणारं कुणी नव्हतं. श्रावणात तिची सून तापानं गेली. डोलीत घालून खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आता नातू तापला होता.

बुवांचे गुडघे चढ मानत नव्हते. त्यांनी सगळी औषधं मोरेश्वराला शिकवली होती, त्याच्या हाताला गुणही होता.

पण मठात लोक त्याला वाकून नमस्कार करत. दुपारी भातावर तूप पडे. वर काय होतं? शेण, धूर आणि नाचणीची भाकरी. हे त्याचं त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो आज जास्त गोड बोलत होता.

"पाणी खालीच जातं म्हणतोस," बुवा म्हणाले.

"नेहमी."

"मग हे काय?"

बुवांनी त्याच्या धोतराकडे बोट केलं. सोगा पाटात पडला होता. ओल गुडघ्यापर्यंत चढली होती.

मोरेश्वरानं घाईघाईनं सोगा पिळला. "ते... सुताला धरून चढतं थोडं. थोडंच."

"बरं."

बुवांनी कोयत्यानं एक शहाळं छाटून त्याच्या हातात दिलं. तो घटाघटा प्यायला.

"हे वर कुणी नेलं?"

"मुळांनी."

"मुळांचा जोर शेंड्यापर्यंत पुरत नाही रे."

"मग?"

"वर ऊन लागतं. पानातलं पाणी उडतं, पान कोरडं पडायला लागतं. ते खालच्या थेंबाला ओढतं, तो त्याच्या खालच्याला. थेंब एकमेकांना सोडत नाहीत. पार मुळापर्यंत."

"आणि सोडलं तर?"

बुवांनी कुंपणापलीकडे बघितलं. तिथे एक माड उभा होता. झावळ्या गळून गेलेल्या, नुसता खांब.

...

ओटीवरून ठकूबाईची हाक आली. "म्हाराज, मी निगू का? पोराजवळ म्हातारा एकलाच हाय. कुनी येनार असंल तर आत्ताच चला."

मोरेश्वर उठला. त्याला लाज वाटत होती. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"धोतर ओलं आहे, बुवा. ते वाळलं, ऊन उतरलं, की..."

बुवांनी पुन्हा फावडं उचललं.

"वर वारा असतो. वाटेत वाळेल."