वरच्या फळीखालची भुकटी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली त्या नदीने तेव्हापासून दोनदा वाट बदलली.

त्या काठावर एक लहान गाव होते आणि गावात एक पोथीघर होते. औषधांच्या, पिकांच्या, ताऱ्यांच्या, गाण्यांच्या अशा एकशे बारा पोथ्या तिथे होत्या. प्रत्येक पोथी लाल कापडाच्या बासनात बांधलेली. कोणीही यावे, पोथी मागावी, ओट्यावर बसून वाचावी, नाहीतर दोन दिवस घरी न्यावी. लोक खालच्या फळ्यांवरच्या वाचत. वरच्या फळीवरच्या जुन्या आणि अवघड. त्यांना क्वचितच कोणी हात लावी.

पोथीघराला नोकर नव्हता. गावातली बारा घरे आपखुशीने ते सांभाळत. एका घराची पाळी आठ दिवस. दार उघडायचे, झाडायचे, मागेल त्याला पोथी द्यायची. नवव्या दिवशी सकाळी बासने मोजून दाखवायची, "जसं घेतलं तसं दिलं" म्हणायचे आणि किल्ली पुढच्या घराच्या हाती द्यायची. घेणाऱ्याने ती कपाळाला लावली की पाळी त्याची.

नियम एकच होता. ज्याच्या पाळीत पोथी खराब झालेली सापडेल, त्या घराची पाळी कायमची बंद.

एका वर्षी बारांतले एक घर गाव सोडून गेले. त्याची पाळी कोष्ट्याच्या घराला मिळाली. हे घर तीन पिढ्यांपूर्वी बाहेरून आलेले. तीन पिढ्या गावाने त्यांनी विणलेले कापड नेसले, पण किल्ली कधी दिली नव्हती. कोष्टीण किल्ली घेऊन घरी आली, तेव्हा तिच्या सासूने ती पदराने पुसली आणि देवासमोर ठेवून नमस्कार केला.

पहिल्याच दिवशी झाडताना कोष्टिणीला वरच्या फळीखाली पिवळसर भुकटी दिसली. चिमूटभर. तिने झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा तेवढीच.

ती कापड जाणणारी बाई. शिडी लावून तिने वरची बासने पाहिली. बाहेरचा रंग विटलेला, घडीच्या आत मात्र लालभडक. म्हणजे ही कापडे वर्षानुवर्षे कोणी उलगडली नव्हती. तिने एक बासन बोटाने दाबले. बोट आत गेले.

ती शिडी उतरली आणि खालची भुकटी पुन्हा झाडून टाकली.

आधीची पाळी सुताराची होती. ती त्याच्याकडे गेली.

"दादा, वरच्या फळीखाली भुकटी पडते."

सुताराने रंधा थांबवला नाही. "धूळ असेल, वहिनी."

"पिवळी आहे. तुमच्या पाळीतही पडत होती का?"

"मी बासनं मोजून दिली. एकशे बारा भरली ना?"

"भरली."

"मग आता पाळी कुणाची?"

ती जायला वळली. सुतार आवाज खाली आणून म्हणाला, "झाडून टाका. आठच तर दिवस."

घरी तिने सासूला सांगितले. सासूने चूल फुंकणे सोडून तिचा हात धरला.

"गाठ सोडू नकोस."

"आत्याबाई, आत कसर लागली असेल. रोज खातेय ती."

"खाऊ दे! तुझ्या आठ दिवसांत दिसू नये म्हणजे झालं. माझे सासरे या किल्लीची वाट बघत गेले. तू आठवड्यात घालवलीस, तर वर गेल्यावर त्यांना काय सांगू?"

कोष्टीण मागावर बसली, की धागा तुटायचा. पोथीघरात ओट्यावर कोणी खाकरले तरी ती दचकायची. झाडताना दार लोटून घ्यायची. तिसरा, चौथा, पाचवा दिवस गेला.

सहाव्या दिवशी एक म्हातारी आली. "बाई, गुरांच्या औषधाची पोथी काढ. म्हशीनं दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही."

ती पोथी वरच्या फळीवर होती.

"ती बाहेर गेलीय, मावशी," कोष्टीण म्हणाली.

म्हातारी गुडघे धरत ओटा उतरली. कोष्टीण तिच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने शिडी लावली, बासन खाली घेतले आणि गाठ सोडली.

आत पोथीची चाळण झाली होती. उपायाची पहिली ओळ होती, शेवटची होती. मधले काही उरले नव्हते.

तिने दार सताड उघडले आणि गावाला हाक मारली.

बाराही घरे जमली. त्यांतल्या सर्वांत वडील माणसाने पोथी पाहिली. "नियम ठाऊक आहे ना, पोरी?"

"ठाऊक आहे, बाबा. आणि हेही ऐका. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मी झाडत राहिले. मावशींशी खोटं बोलले."

"मग किल्ली दे. पुढची पाळी कुंभाराची. घे रे."

कुंभाराने हात पाठीमागे घेतले. "मी कपाळाला लावली की ही भोकं माझी होतील. आणि... गेल्या वर्षी मीही झाडली होती."

"आणि आत्ताच वाटेत म्हणत होतास, नव्या घराला काय कळतंय!" कोष्टिणीची सासू कडाडली.

वडील माणसाने किल्ली एकेका घरापुढे धरली. कोणी घेईना. सुतार खाली बघत होता. कोष्टिणीचे सोडून दहा घरे झाली. उरलेले घर त्याचे स्वतःचे होते. किल्ली त्याच्याच हातात होती, पण ती कपाळापर्यंत जाईना. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "सगळी बासनं खाली काढा."

त्या दिवशी सर्वांनी मिळून प्रत्येक बासन उलगडले. एकेचाळीस पोथ्या वाचण्यापलीकडे गेल्या होत्या. त्या नदीत सोडाव्या लागल्या. बाकीच्या उन्हात घातल्या आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बांधल्या. नियम मोडीत काढला. पाळी देताना निदान चार बासने उघडून पाहायची, असे ठरले. कोष्टिणीच्या घराची पाळी टिकली.

म्हातारीची म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. पुढे जन्मभर ती म्हातारी वाटेत दिसली, की कोष्टीण मान खाली घालत असे.

बिघाड दिसला त्याच दिवशी जो बोलत नाही, तो त्या बिघाडाचा वाटेकरी होतो.