तांबड्याची कपार

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. एका ओढ्याच्या डोहात झिंगे राहत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, बिळं उघडी पडली आणि तरण्या झिंग्यांत जागेवरून एकच धुमश्चक्री उडाली!

रिवाज सरळ होता. नांगीला नांगी भिडवायची. जो मागे हटेल त्याचं बीळ गेलं.

तांबडा नावाचा एक तरणा झिंगा कधी हटलाच नाही. सकाळी एकाला लोळवलं, दुपारी दुसऱ्याला. त्याच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं! शेवटी तो थेट मोठ्या खडकाखालच्या कपारीसमोर उभा ठाकला. तिच्या रुंद दारात तीन चिमुकली भावंडं नांग्या रोखून उभी होती.

"चला, निघा बाहेर!"

त्यांतली ठिपकी म्हणाली, "दादा, तूही ये की आत. दार मोठं आहे, कुणी खायला आलं तर चौघं मिळून अडवू."

"तुमच्या सहा नांग्या मिळून माझी एक भरत नाही, आणि म्हणे अडवू!" तांबडा हसला. दोन धडका दिल्या. तिघं पळाली ती पलीकडे काठच्या झाडाच्या मुळाखाली शिरली.

तांबडा कपारीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवला. केवढी जागा! आणि सगळी आपली!

पण वाढत्या झिंग्याला जुनं कवच टाकावंच लागतं. तांबड्याचं कवच पाठीवर उकललं. तो बाहेर सरकला, तेव्हा अंग लोण्यासारखं मऊ होतं आणि नांग्या लुळ्या.

नेमकी तेव्हाच वाम आली. लांब, काळी, सापासारखी मासळी.

तांबड्याने दोन्ही नांग्या पसरल्या. तरी दाराच्या दोन्ही बाजू उघड्याच! डावीकडे धावला, तर वाम उजवीकडून आत. एक नांगी तिच्या तोंडात तुटली. शेपटीचा फटका मारून तो कसाबसा निसटला आणि मुळाशी येऊन धडकला.

"ठिपके, आत घे गं! वाम आलीये!"

तिघं आधीच एकमेकांना चिकटून बसली होती. सरकायला तसूभर जागा नव्हती.

"कुठे घेऊ, दादा?" ठिपकीला रडू फुटलं. "चौघांची जागा तेवढी ती कपारच होती."

मागे पाणी ढवळलं. त्यानंतर तांबडा त्या डोहात कुणाला दिसला नाही.

तात्पर्य: सगळं घर एकट्याने बळकावलं, की सगळं दारही एकट्यालाच राखावं लागतं.