वाळलेलं न्यावं

डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं, गावाच्या डोक्यावर रान होतं, आणि त्या रानाला एक राखणदार होता. तो इतका शंकेखोर होता की एखादा कावळा जरा जास्त वेळ ओरडला, तरी त्याला कोणी शिकवून पाठवलंय का, असं त्याच्या मनात येई.

गावाने असा माणूस मुद्दाम निवडला होता. रानाच्या मधोमध एक झरा होता. उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागले की माणसं, गुरं, सगळी त्या एका झऱ्यावर तगायची. म्हणून जुन्या लोकांनी नियम घालून दिला होता: ओल्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, वाळलेलं खुशाल न्यावं. गावाने तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. ओली फांदी तोडताना कधी कोणी सापडलं नव्हतं.

पण हल्ली रानात झाडं फार वाळायला लागली होती. म्हाताऱ्या झाडांचं एक वेळ समजता येतं. इथे ऐन भरातल्या जांभळी आणि बेहडे उभ्याउभ्या वाळत होते. मग कोणीतरी कुऱ्हाड घेऊन वर यायचं, "वाळलंय की हे," म्हणायचं आणि झाड घेऊन जायचं. नियमात बसत होतं सगळं. राखणदाराच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

आधी त्याने सुताराला गाठलं. "तुझ्या अंगणात फळ्या फार दिसतात रे."

"वाळल्या झाडाच्याच हायेत, तात्या. वास घिऊन बघा," सुतार म्हणाला.

राखणदाराने खरंच वास घेतला. लाकूड वाळलेलं होतं. आता वास घेऊन बघा म्हणणारा माणूस जास्त संशयास्पद की न म्हणणारा, याचा विचार करत तो रानात परतला.

मग एके दिवशी वाळायला लागलेल्या जांभळीला तो टेकून बसला आणि पाठीला चिखल लागला. त्याने नखाने खरवडलं. चिखलाखाली खोडाची साल गोल, पट्ट्यासारखी काढून टाकलेली होती. सालीविना झाड किती दिवस जगणार? वरून माती लिंपली की कोणाला काही दिसत नाही. आणि ती माती पिवळी, चिकट होती. अशी माती एकाच ठिकाणी मिळे, ओढ्याकाठच्या कुंभारणीच्या खाणीत.

झालं. कुंभारीण एकटी राहणारी, बाहेरगावाहून आलेली, तिला मडक्यांचा आवा भाजायला सरपण लागायचं. राखणदाराने तिला पारावर उभं केलं.

"माझ्या खाणीतली माती अख्खं गाव नेतं," कुंभारीण म्हणाली. "चुली सारवायला, भिंती लिंपायला. तवा कुणी मला चोर म्हणलं न्हाई."

कोणी मान वर केली नाही. इतक्या माना एकदम का खाली गेल्या, हे राखणदाराने विचारायला हवं होतं. पण संशयी माणसाला एकदा चोर मिळाला की त्याला फार समाधान वाटतं. तिला रान बंद झालं, झराही बंद झाला. ती बिचारी लांबच्या नदीवरून पाणी आणू लागली.

झाडं वाळतच राहिली.

राखणदाराची बायको रोज दुपारी त्याला रानात भाकरी आणून द्यायची. भाकरी खाल्ली की त्याचा डोळा लागायचा. एकदा पोट बिघडल्यामुळे त्याने भाकरी तशीच ठेवली, आणि त्याला झोप आली नाही. बायको निघून गेल्यावर थोड्याच वेळात झाडीतून खसखस आवाज आला. तो चवड्यांवर चालत गेला. बायको एका बेहड्याची साल कोयत्याने सोलत होती. शेजारी मातीचं गाडगं होतं.

"तू?" त्याच्या तोंडून निघालं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "अख्खं गाव हेच करतंय. समद्यांच्या दारात लाकूड, आणि राखणदाराच्या चुलीत पालापाचोळा. एकच तर झाड हाय, अहो. आणि ओलं कुठं तोडतीय मी?"

राखणदाराने खाली गावातल्या पाराकडे पाहिलं. बायकोला पारावर नेलं असतं तर रान वाचलं असतं. कुंभारीण सुटली असती. पण घराची अब्रू गेली असती. त्याने गाडग्यात हात घातला आणि सोललेल्या खोडावर स्वतःच माती लिंपली.

त्या दिवसापासून त्याचे डोळे निकामी झाले. कोणाकडे रोखून बघायला गेला की समोरचा उलट त्याच्याकडे रोखून बघतोय, असं त्याला वाटे. मग तोच नजर वळवी. झाडं वाळत गेली, तुटत गेली, आणि पावसाळ्यात उघड्या पडलेल्या डोंगराची माती वाहून खाली शेतांत आली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि गाव हंडे घेऊन झऱ्यावर गेलं. दगडांमध्ये नुसती ओल होती. चार दिवसांत तीही गेली.

लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. जो तो मनात दुसऱ्याची झाडं मोजत होता. "हे कुंभारणीचंच पाप," कोणीतरी म्हणालं.

राखणदाराला राहवलं नाही. त्याने जाऊन कुंभारणीला वर आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आक्का, साल माझ्या घरातल्यांनी काढली. माती मी लावली. तुझा काही दोष नव्हता." बोलताना तो रडत होता. बायकोने पदर तोंडाला लावला. सुतार खाली बसला. मग एकेकाची मान पुन्हा तशीच खाली गेली, त्या दिवशी पारावर गेली होती तशी.

कुंभारणीने कोरड्या दगडांवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाली, "नेम तर तुमी पाळलाच. ओल्या झऱ्याला कुणी हात लावला न्हाई. आता ह्यो वाळलाय. कुणी घरी न्यायचा, तेवढं ठरवा."

आणि ती नदीच्या वाटेने खाली उतरू लागली. सगळं गाव रिकामे हंडे घेऊन तिच्या मागे निघालं, कारण नदीची वाट आता फक्त तिलाच ठाऊक होती.

तात्पर्य: शब्द पाळूनही नियमाचा जीव घेता येतो, आणि संशय घ्यायचाच असेल, तर त्याची सुरुवात आपल्या घरापासून करावी.