फक्त परतीची वाट

फार पूर्वी, वाळवंटाच्या काठी वसलेल्या खदिरावती नगरात विजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वाटाड्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. तांडे वाळवंटापार नेणे हा त्याचा धंदा. पण वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, तो पाण्याची कातडी पिशवी खांद्याला अडकवून एकटाच निघे आणि महिन्याने परते.

राजाने त्याला बोलावून विचारले, “तिथे आहे तरी काय?”

“काही नाही, महाराज. चार दिवस चाललो की मनातली बडबड थांबते. मग वारा फिरला तेही पायांना कळते. तांड्याबरोबर असताना हे होत नाही.”

“म्हणजे सगळे झरे तुला ठाऊक! पलीकडच्या मेंढपाळांची कुरणे मला हवीत. सैन्याला वाट दाखव, तुला अमात्य करतो.”

त्याच मेंढपाळांच्या वस्तीतल्या एका म्हातारीने पूर्वी एकदा तापाने फणफणलेल्या सोमिलाला नऊ दिवस शेळीचे दूध पाजून जगवले होते.

“नाही दाखवणार,” तो म्हणाला.

राजाने त्याला पाण्याविना वाळवंटात हाकलले. वेशीवर लोक रडले. सोमिल ताठ मानेने चालू लागला. ज्या वाटेची त्याला भीती घातली जात होती, तिच्यावर तो आजवर हौसेने चालत आला होता.

राजा हट्टाला पेटला आणि वाटाड्याविनाच सैन्य घेऊन निघाला. पाचव्या दिवशी पाणी संपले, घोडे कोसळू लागले. सोमिलाने ते टेकाडावरून पाहिले. तो निघून जाऊ शकला असता. पण वाळूत लोळणारे ते शिपाई पाहून त्याचा पाय निघेना. भर उन्हात तो राजापुढे येऊन उभा राहिला.

“झरा दाखवतो, पण परतीच्या वाटेवरचा. पुढचा एकही नाही.”

सेनापतीने त्याच्या मानेला तलवार लावली. “पुढचा दाखव!”

“कापा. मग मागचा कोण दाखवणार?”

राजाने शिपायांकडे पाहिले. पुढे जायला एकही तयार नव्हता. त्याने सेनापतीचा हात खाली केला.

सोमिलाने झऱ्यावर आधी घोड्यांना पाजले, मग शिपायांना, शेवटी राजाला. वेस दिसताच राजा म्हणाला, “चुकलो मी. आत चल, सोमिला.”

“त्या वस्तीवर पुन्हा चाल करणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर म्हणा.”

राजाने तसे म्हटले. सोमिलाने नमस्कार केला आणि तो एकटाच वाळवंटाकडे वळला.

मरुभूमीत एकट्याने राहायला निघालेल्या एका भिक्षूला काहींनी अडवले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, “तो राजा म्हणजे आज याला अडवणारा स्थविर धर्मिल, सेनापती म्हणजे भिक्षू उग्रक, ती म्हातारी म्हणजे भिक्षुणी सुभागा, आणि सोमिल मीच होतो. एकट्याने चालायला शिकलेल्यालाच अन्यायापुढे एकट्याने उभे राहता येते. ढळायचे नाही आणि द्वेषही धरायचा नाही, याचे नाव अधिष्ठान.”